गोड्या पाण्याचं गुप्तदान

५ ऑक्टोबर

आजपासून रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलं आहे. कारण एवढंच की नव्या जागी बोलायला माणूस नाही. दरवान आहे, पण तो ऐकत नाही, सांगतो.

शहराच्या मोठ्या बागेत गुलाबांच्या ताटव्यावर माझी उमेदीची वर्षं गेली. ती बाग आता ठेकेदाराकडे गेली आणि मला मिळाली खारवट. उद्यान अधीक्षक साहेब म्हणाले, "निवांत जागा आहे, माळीबुवा. तुमच्या स्वभावाला जुळेल." माणसाला अडगळीत टाकायचं असलं की त्याच्या स्वभावाचं कौतुक होतं, हे मी ओळखून आहे.

बसचा शेवटचा थांबा, त्यापुढे नव्या वसाहतीच्या इमारती आणि त्यांच्या पाठीशी ही सपाट, पांढुरकी, ओलसर जमीन. खालून खारं पाणी पाझरतं, उन्हानं आटतं आणि वर मिठाची साय धरते. समुद्र इथून कुठल्या कुठे. देवाच्या मनात काय आलं असेल कोण जाणे. आमचे वडील म्हणायचे, "खारी जमीन आणि रुसलेला जावई, कितीही घाला, वर काही येत नाही."

पण इथे येतं. ठेंगणी, पानं नसलेली, नुसत्या मांसल कांड्यांची एक वनस्पती आहे. दरवान तिला बोटुकली म्हणतो. तान्ह्या बाळाची बोटं मातीतून वर आल्यासारखी दिसतात.

८ ऑक्टोबर

मॅडम आल्या. या जागेचा अभ्यास करतात. वय पस्तिशीचं असेल. स्कूटरवरून उतरल्या, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले आणि चिमूटभर माती उचलून सरळ जिभेवर ठेवली. मी दचकलो.

"काका, घाबरू नका. माझं मोजायचं यंत्र पिशवीत आहे, पण जीभ आधी सांगते." थुंकल्या आणि हसल्या. "मस्त खारट आहे."

मग त्यांनी मला काम समजावून सांगितलं. बोटुकली जगात मोजक्याच जागी उगवते. जानेवारीत एक समिती येणार आहे. तिला जागा पटली तर खारवट कायमची राखीव होईल. नाही पटली तर बसचा डेपो.

"तर मी काय करायचं?"

"काहीही करायचं नाही."

"म्हणजे खुरपणी वगैरे?"

"नाही."

"झाडलोट?"

"फक्त फळ्यांची. लोक फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरणार नाहीत एवढं बघायचं. बाकी हात खिशात."

माझ्या शर्टाला खिसा एकच, तोही छातीवर.

१५ ऑक्टोबर

आज बघायला म्हणून एक जोडपं आलं. फळ्यांवरून टोकापर्यंत जाऊन परत आलं. नवरा म्हणाला, "बघायचं काय ते कुठे आहे?" मी म्हटलं, "तेच बघून आलात." बायको म्हणाली, "मी सांगत होते ना, सिनेमाला जाऊ." दरवान नंतर तासभर हसत होता. हा पूर्वी कुठल्याशा बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असे. आता बंदूक नाही, पण उभं राहणं तेच.

घरी हिला सांगितलं की दिवसभर काही केलं नाही. ही कपडे शिवते. मशीन न थांबवता म्हणाली, "मग आल्यावर भांडी घासा. हाताची सवय जाणार नाही."

१ नोव्हेंबर

मॅडमच्या आईचं ऑपरेशन आहे. त्या महिनाभर येणार नाहीत. जाताना पुन्हा म्हणाल्या, "काका, लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "काहीही नाही." त्या म्हणाल्या, "शाब्बास."

६ नोव्हेंबर

बोटुकली लाल पडू लागली आहे. खालच्या कांड्यांपासून सुरुवात झाली आणि आता टोकाकडे चढतंय. ऊन कडक. वर मिठाची साय इतकी घट्ट झाली आहे की पाय ठेवला तर पापड मोडल्यासारखी मोडेल.

दरवान म्हणाला, "दरवर्षी होते हो लाल."

म्हणजे दरवर्षी तहानते आणि दरवर्षी कुणी बघत नाही. बागेत एखाद्या झाडाची पानं अशी तांबारली असती तर मुकादमानं मला उभं जाळलं असतं.

११ नोव्हेंबर

रात्री नीट झोप नाही. लहानपणी आमच्या गुरुजींनी एक गोष्ट मनावर बिंबवली होती. तहानलेल्याला पाणी देताना त्याची जात, त्याचा गाव आणि आपला फायदा, तिन्ही विचारायचं नाही. मॅडमनी काही करू नका म्हटलं ते खुरपणी-छाटणीबद्दल. पाणी देणं हे काही ‘करणं’ नव्हे. ते आपोआप होतं, श्वास घेतल्यासारखं.

पाहुण्यांना हातपाय धुण्यासाठी दरवानाच्या खोलीमागे टाकी आहे. तिला टँकरचं चांगलं पिण्यासारखं पाणी येतं. गोदामात बागेतून आलेली काळी नळी पडून आहे. देव सामान आधी पाठवतो आणि काम मागून.

१४ नोव्हेंबर

नळी टाकली. सकाळी दरवान येण्याआधी. फळ्यांच्या वाटेखालून नेली आणि जिथे बोटुकलीची सगळ्यात दाट वस्ती आहे तिथे सोडली. बागेत नळी दिसणं हा माळ्याचा कमीपणा. पाहुण्याला फूल दिसावं, पाणी दिसू नये, ही आमच्या धंद्याची शिस्त. म्हणून सगळी नळी मातीखाली पुरली आणि वर मीठ भुरभुरलं. मलाच शोधायला वेळ लागेल.

धार अगदी करंगळीएवढी ठेवली आहे. तिथे उभं राहून देवाचं नाव घेतलं. गुलाबांना पाणी देतानाही असंच घ्यायचो. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा नोकरीवर असल्यासारखं वाटलं.

कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं की दानाचं पुण्य जातं. मॅडमनाही नाही. त्या परत येतील आणि हिरवीगार बोटुकली बघतील. तेवढं पुरे.

२९ नोव्हेंबर

लाली थांबली! उलट टोकांना कोवळा हिरवा रंग आला आहे. आणि आणखी एक आनंदाची गोष्ट. तिथे गवत उगवलं आहे. चांगलं हातभर उंच, लांब पात्याचं. ओढ्याकाठी असतं तसलं पाणकणीसही दोन-चार ठिकाणी वर आलं आहे. जिथे मीठच पिकायचं तिथे गवत! वडील असते तर जावयाची म्हण मागे घेतली असती.

दरवानाची तक्रार की टाकी लवकर संपते. "लोक हात धुतात की अंघोळ करतात?" त्यानं पाटी लावली: ‘नळ बंद करणे ही आपली जबाबदारी आहे.’ अक्षर छान आहे.

८ डिसेंबर

मॅडम आल्या. आईची तब्येत ठीक आहे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून होतो. त्या फळ्यांवरून गेल्या, थांबल्या, बसल्या, माती जिभेवर ठेवली आणि पुन्हा दुसरी चिमूट उचलून ठेवली.

मग म्हणाल्या, "काका, ही जमीन गोड झालीय."

आमच्याकडे जमिनीला याहून मोठी शाबासकी नाही. मी नुसता हात जोडून उभा राहिलो. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं वाटेना.

"गोडं पाणी कुठून तरी घुसतंय," त्या म्हणाल्या. "हे पाणकणीस बघा. हे पसरलं की बोटुकली गुदमरून मरते. तिला मीठच लागतं. मीठ गेलं की ती गेली."

मी विचारलं, "पण ती लाल पडली होती ना?"

"लालच असायला हवी! या दिवसांत ती लालच होते. तिचं बी धरतं तेव्हा." मग वसाहतीकडे बघून म्हणाल्या, "यांची पाण्याची लाईन फुटली असणार. सोडणार नाही मी."

बिचाऱ्या बोटुकलीवर काय संकट आलं हे! लोकांना नवी घरं बांधता येतात, पाईप धड जोडता येत नाहीत.

१२ डिसेंबर

मॅडम आणि वसाहतीचे सेक्रेटरी यांचं फाटकापाशी जोरदार भांडण. सेक्रेटरी निवृत्त आहेत, त्यामुळे भांडायला भरपूर वेळ.

"आमची लाईन नवी कोरी आहे, बाई!"

"नवी आहे म्हणूनच गळत असेल."

"म्हणजे नवी सून आली की दूध नासणारच, असं म्हणा ना!"

"तुमच्या सुनेचं मला माहीत नाही, पाईपाचं बोला."

मी मॅडमच्या बाजूनं बोललो. म्हटलं, "सेक्रेटरीसाहेब, मुक्या झाडांचा तळतळाट घेऊ नका." ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मीच त्यांचं पाणी प्यायलो होतो.

त्या गळक्या पाण्यात काय काय मिसळलेलं असेल कुणास ठाऊक. बोटुकलीला निदान स्वच्छ पाणी पोटभर मिळावं म्हणून धार करंगळीची अंगठ्याएवढी केली.

२ जानेवारी

पाणी खात्यानं वसाहतीचा रस्ता उकरला. सेक्रेटरी दिवसभर खुर्ची टाकून खड्ड्याशी बसले. लाईन कुठेही फुटलेली नाही. एक थेंबसुद्धा गळत नाही.

मला वाटलं मॅडमना बरं वाटेल. त्या फळ्यांवर मटकन बसल्या. म्हणाल्या, "लाईन फुटली असती तर बुजवता आली असती, काका. आता एकच अर्थ. खालचा झराच गोडा झालाय. समिती येईल, चाखून बघेल आणि म्हणेल, इथे राखायला उरलंय काय?"

"देव नीट करील," मी म्हटलं.

"देवाला सांगा, समिती पंधरवड्यात येतेय."

मी सांगितलं. रोज सांगतोच आहे, सकाळी नळीपाशी उभा राहून.

१४ जानेवारी

समिती परवा येणार. जेवताना हिला सगळं सांगत होतो. मॅडम कशा वाळल्या आहेत, रस्ता कसा उकरला, लाईन कशी धड निघाली, पाणकणीस कसं माझ्या कमरेपर्यंत आलंय. बोलता बोलता दानाचंही बोलून गेलो. घरच्या माणसाला सांगितलं तर पुण्य जात नसावं.

हिचा घास हातातच राहिला.

"अहो, पाणी कुठे सोडलंय म्हणालात?"

"बोटुकलीच्या मधोमध."

"आणि गवत कुठे आलं?"

"तिथेच."

"दुसरीकडे कुठे?"

"दुसरीकडे कसं येईल? तिथे…"

ती उठली. फडताळातून मिठातल्या लिंबांची बरणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "हिच्यात ओला चमचा घातला की काय होतं?"

"बुरशी येते."

"तुम्ही दोन महिने ओला चमचा घालताय. आणि वर त्या सेक्रेटरीच्या अंगणात खड्डे!"

मी म्हटलं, "धार अंगठ्याएवढीच आहे."

"चमचाही केवढा असतो?"

मग तिला हसू आलं. हसताना डोळे पुसत होती. मला आलं नाही. मी पालथ्या घड्यावर पाणी घातलेलं ऐकलं होतं. भरल्या घड्यात घालून तो रिकामा करणारा मीच पहिला असेन.

१५ जानेवारी

सकाळी जाऊन तोटी बंद केली. नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

दिवसभर एकच विचार. नळी मातीखाली आहे. ती मला आणि हिला सोडून कुणालाही माहीत नाही. नळी काढून टाकली तरी चालेल, न काढली तरी. झरा खाराच आहे, त्याला काही झालेलं नाही, हळूहळू मीठ वर येईल. पण हळूहळूला वेळ लागतो आणि समिती उद्या आहे. ती उद्या जे चाखेल तेच लिहील. झरा संपला असं लिहील. मग मीठ वर येईल ते डेपोच्या फरशीखाली.

आणि सांगितलं तर? दोन महिने सरकारी पाणी चोरून जमीन नासवली. अधीक्षक साहेब काय करतील ते सांगायला ज्योतिषी नको. पेन्शनला अजून बरीच वर्षं आहेत. हिच्या मशीनवर घर चालेल, पण मग मी भांडी खरोखरच घासत बसेन.

हिला विचारलं, काय करू. म्हणाली, "मला विचारून सोडलंत का पाणी?" आणि दिवा मालवून झोपली.

१६ जानेवारी

आल्या आल्या लिहायला बसलो आहे, अक्षर लागलं नाही तर नाही.

समितीत पाच-सहा जण. अध्यक्ष म्हातारे, मोठी टोपी, काठी. अधीक्षक साहेब त्यांच्यावर छत्री धरून. सेक्रेटरीही आले होते, उकरलेल्या रस्त्याची दाद मागायला. मॅडम एका बाजूला, इस्त्रीच्या कपड्यांत, परीक्षेला बसल्यासारख्या.

अध्यक्षांनी माती चाखली. दुसऱ्यांनी यंत्र लावलं. मान हलवली. "बाई, वाईट वाटतं, पण हिचं खारेपण गेलंय. झरे असे मरतात कधी कधी."

अधीक्षक साहेब म्हणाले, "मग पुढचं बघायला आम्ही मोकळे."

 मॅडम नुसत्या खाली बघत होत्या, त्या पाणकणसांकडे.

मी फळीवरून खाली उतरलो. साहेब ओरडले, "माळीबुवा, फळीवर!" मी चिखलात गुडघे टेकले, माती उकरली आणि नळी ओढली. लांबच लांब काळी नळी वर येत गेली, फळ्यांखालून पार टाकीपर्यंत. माझा चेहरा कसा दिसत होता माहीत नाही, पण नळी फार लाजिरवाणी दिसत होती.

पहिला दरवान बोलला. "म्हणजे टाकी तुम्ही रिकामी करत होता? आणि मी पाटी लावली!"

दुसरे सेक्रेटरी. "मुक्या झाडांचा तळतळाट! मला म्हणत होते!"

मी अध्यक्षांना म्हटलं, "झरा मेलेला नाही, साहेब. मी बुडवलाय त्याला. ती लाल झाली होती. मला वाटलं, तहानली."

अध्यक्षांनी नळीच्या टोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवून इतके हसले की टोपी पडली. मग गंभीर झाले. पलीकडे कोपऱ्यात, जिथे माझं पाणी पोचलं नव्हतं, तिथली माती मागवली. ती चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं. "वा!" म्हणाले. "निर्णय पुढच्या हंगामात. नळी आजच बाहेर. आणि हे गवत मुळासकट."

मॅडम माझ्याजवळून गेल्या. नळी ओलांडली आणि सरळ स्कूटरपाशी गेल्या. हे सगळ्यात वाईट.

३ फेब्रुवारी

साहेबांचा निरोप. ताकीद आणि बदली. कुठे, तर गुलाबांची रोपवाटिका! ऑक्टोबरमध्ये हे मिळालं असतं तर पेढे वाटले असते. आज पोटात खड्डा पडला. त्या वसाहतीच्या रस्त्याएवढा.

कुणी विचारलं नाही, पण लिहून ठेवतो: मला जायचं नाही.

९ फेब्रुवारी

बदली रद्द! दरवान गणवेश आणायला कचेरीत गेला होता, त्यानं सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. मॅडम साहेबांसमोर उभ्या होत्या.

साहेब म्हणाले, "बाई, ह्याच माणसानं तुमची जागा नासवली."

मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच हाच हवा. हा आता जन्मात पाणी घालणार नाही. नवा पाठवलात तर तो पहिल्यापासून सुरू करील."

दरवानानं हे मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मीच विचारलं.

२० फेब्रुवारी

पाणकणीस उपटतो आहे. मुळं खोल आणि चिवट. माझ्याच पाण्यावर पोसलेली. आज मॅडमही बूट घालून उतरल्या आणि शेजारी उपटू लागल्या. 

मग त्या म्हणाल्या, "काका, मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की दानाचं पुण्य जातं."

त्यांनी एक मूळ हिसका देऊन काढलं. "मग आता गेलं?"

"गेलं."

"छान झालं," असं म्हणून त्यांनी ते मूळ माझ्या टोपलीत टाकलं.

१८ जून

लिहिण्यासारखं काही नाही. मीठ वर येतंय. तेवढंच रोज बघतो.

२६ ऑक्टोबर

समिती येऊन गेली. बोटुकली पूर्वीएवढी नाही, पण आहे. आणि लाल आहे. अध्यक्षांनी माती चाखली, थुंकले आणि म्हणाले, "भयंकर." मॅडमनी तोंडावर हात धरला. खारवट राखीव झाली. सेक्रेटरीसाहेबांनी वसाहतीतर्फे टाळ्या वाजवल्या. डेपोचा धूर त्यांच्याच गॅलरीत जाणार होता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

मी सकाळी नाव घेतो. हात मोकळे असतात. सुरुवातीला त्यांचं काय करायचं कळत नव्हतं, आता मागे बांधतो.

५ नोव्हेंबर

राखीव झाल्यापासून गर्दी वाढली आहे. आज एक आजी आल्या, सुनेचा हात धरून. फळ्यांच्या मध्यावर थांबल्या. बोटुकली पेटल्यासारखी लाल झाली आहे.

"अगं बाई, किती सुकलंय गं हे," आजी म्हणाल्या आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण फिरवलं. मी धावत गेलो आणि बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"आजी, नाही."

"अहो, घोटभर."

"घोटभरही नाही."

"मी माझ्या वाटचं देतेय. तुमचं काय जातंय?"

"आजी, तिला नको आहे."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. सून म्हणाली, "आई, ते इथले माळी आहेत." तेव्हा तर आजींचा पारा चढलाच.

"माळी? हे माळी? समोर झाड तडफडतंय आणि हे हात आडवा घालतात! कसल्या दगडाच्या काळजाचा माणूस म्हणायचा!"

बाटली पिशवीत टाकून त्या निघाल्या आणि फाटकापर्यंत तेच पुटपुटत गेल्या. दरवान पोट धरून हसत बसला.

घरी आल्यावर हिला सांगितलं. "दगडाच्या काळजाचा म्हणाली मला," असं मी दोनदा म्हटलं. ही मशीन थांबवून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?"